लेडीज स्लिपर ऑर्किड ओळखायचं कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून लागला की माझ्या फोनवर दोन दिशांनी फोटो यायला लागतात. एक उत्तराखंडातून, ट्रेकला गेलेल्या पुण्या-मुंबईच्या मंडळींचे. दुसरे बॉस्टन आणि मिनियापोलिसकडून, तिथल्या भाचरांचे आणि मित्रांचे. सोबत प्रश्न ठरलेला: "हे तेच ना?" बऱ्याचदा ते तेच असतं. पण 'तेच' म्हणजे नक्की कोणतं, हे सांगता येत नाही, कारण प्रत्येकाने फक्त सपातेचा, म्हणजे फुलातल्या चपलेसारख्या फुगीर पिशवीचा, फोटो काढलेला असतो. सपात कूळ सांगते. जात सांगतात ती पानं, दांडा आणि फुलाच्या मध्यावरची नखाएवढी ढाल. तेच तेच पुन्हा टाइप करण्यापेक्षा उत्तरं एकदाच लिहून ठेवतो आहे.

१. लेडीज स्लिपर म्हणजे एकच फूल की बरीच?

बरीच. ऑर्किडच्या अवाढव्य कुळातलं हे एक लहानसं उपकूळ आहे आणि त्यात पाच प्रजाती येतात. (प्रजाती म्हणजे शास्त्रीय नावातला पहिला शब्द. आडनाव समजा.) सिप्रिपेडियम ही थंड मुलखातली: युरोप, हिमालय, चीन, जपान, उत्तर अमेरिका. पॅफिओपेडिलम ही भारतापासून न्यू गिनीच्या पलीकडपर्यंतच्या दमट जंगलांतली. उरलेल्या तिन्ही मेक्सिको ते दक्षिण अमेरिका या पट्ट्यातल्या. त्यांच्याबद्दल मला अजून कुणी विचारलेलं नाही, म्हणून त्या इथेही नाहीत.

सगळ्यांत समान काय? ऑर्किडच्या तीन पाकळ्यांपैकी एक वेगळी असते, तिला ओठ म्हणतात. इथे तो ओठ फुगून पिशवी झालेला असतो, मोजडीच्या पुढच्या भागासारखा. दुसरी खूण आत दडलेली: बहुतेक ऑर्किडना परागकण देणारा पुंकेसर एकच असतो, यांना दोन.

सिप्रिपेडियम हे नाव सायप्रस बेटाच्या देवीवरून आलंय, ग्रीकांच्या ॲफ्रोडाइटीवरून. म्हणजे देवीची सपात. मराठीत याला जुनं नाव नाही, कारण मराठी मुलखात ते उगवतच नाही. ऑर्किडला आपण आमरी म्हणतो, म्हणून मी घरात 'सपात-आमरी' म्हणतो. हे नाव माझं आहे, पुस्तकात शोधायला जाऊ नका.

२. सह्याद्रीत, कोकणात किंवा गोव्यात कुठे दिसेल?

रानात कुठेच नाही. कास, आंबोली, भीमाशंकर, मोले, कुठेही नाही. आपल्याकडच्या आमऱ्या देखण्या आहेत, पण त्यांचा ओठ पिशवीचा नसतो. हबेनारियाच्या फुलामागे लांब शेपटी असते आणि सीतेच्या वेणीत लहान फुलांचा घोस असतो.

पश्चिम घाटात या गटातली एकच जात आहे आणि तीही पार दक्षिण टोकाला, केरळ-तमिळनाडूच्या सीमेवरच्या अगस्त्यमलाई डोंगरात: पॅफिओपेडिलम ड्रुराय. पिवळसर फूल आणि पाकळ्यांच्या मधोमध गडद तपकिरी पट्टा. दक्षिण भारतातली ही एकुलती एक सपात-आमरी. हौशी संग्राहकांनी उपसून उपसून ती जवळजवळ संपवली.

३. मग मी बटव्यासारख्या फुलाचा फोटो पाठवला, ते काय होतं?

बहुतेक वेळा तेरडा. हसू नका. मीही पहिल्यांदा व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला गेलो तो ऑगस्टात, आणि गुलाबी बटव्यांच्या फुलांचे चाळीसेक फोटो काढून आल्यावर सगळ्यांना 'लेडीज स्लिपर' म्हणून दाखवले. तो होता इम्पेशन्स सल्काटा, म्हणजे आपल्या तेरड्याचा हिमालयातला थोरला भाऊ.

तेरडा ओळखायला फुलाची मागची बाजू बघा. त्याचा बटवा मागे निमुळता होत जातो आणि शेवटी शेपटीसारखा वळतो. सपातेला मागे शेपटी नसते, ती खाली-पुढे फुगलेली आणि टोकाला गोल असते. तेरड्याचा दांडा रसरशीत, पानांच्या कडा दातेरी आणि शिरा जाळीदार. सपात-आमरीच्या पानांत शिरा देठापासून टोकापर्यंत समांतर धावतात. आणि तेरड्याच्या तयार बोंडाला बोट लावलं की ते फुटून बिया उडतात, हे लहानपणी सगळ्यांनीच करून पाहिलेलं असतं.

दार्जिलिंग किंवा उटीकडून येणारं छोटं, पिवळंधमक, फुग्यासारखं फूल म्हणजे कॅल्सिओलेरिया. तेही सपातेसारखं दिसतं, नावाचा अर्थही तोच, पण ते मूळ मध्य-दक्षिण अमेरिकेतलं तण आहे आणि ऑर्किडशी त्याचं काही नातं नाही. पानं फाटल्यासारखी, समोरासमोर, जाळीदार शिरांची. फुलाला वरचा लहान आणि खालचा फुगीर असे दोनच ओठ. बाजूला पसरलेल्या पाकळ्याच नाहीत.

४. फूल समोर आहे. काय बघू आणि कोणत्या क्रमाने?

फुलाकडे सगळ्यांत शेवटी बघा. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण जमिनीपासून वर गेलात तर चूक कमी होते.

आधी पाऊल कुठे ठेवताय ते पाहा, कारण शेजारी न फुललेली लहान रोपं असतात आणि ती पायाखाली जातात. मग जमीन पाहा: पाइनच्या सुयांचा कोरडा थर आहे, पाणथळ दलदल आहे की चुनखडीचा उतार? अमेरिकेतल्या जातींत एवढ्यावरच अर्धं उत्तर मिळतं.

मग पानं. किती, आणि कुठे? दोनच, जमिनीलगत? दोनच, पण दांड्यावर समोरासमोर? की तीन ते पाच, दांड्यावर आलटून पालटून, तळाशी दांड्याला कवेत घेतलेली? पानाला निऱ्या आहेत का? नारळाच्या कोवळ्या रोपाचं पहिलं पान जसं घड्याघड्यांचं असतं, तशा त्या दिसतात. लव आहे का? (हात लावू नका, कारण प्रश्न ११ मध्ये.)

मग दांडा: पानांचा की नुसता? टोकाला फूल एक की दोन-तीन? फुलाच्या पाठीशी उभं असलेलं हिरवं पान, म्हणजे छद, केवढं?

आणि आता फूल. सपातेचं तोंड वर आहे आणि गोल आहे, की पुढून उभी चीर आहे? बाजूच्या दोन पाकळ्या सपाट की स्क्रूसारख्या पिळलेल्या? त्यांचा रंग सपातेसारखाच की वेगळा? शेवटी मधली ढाल (प्रश्न ६). सपातेचा रंग मी मुद्दाम सांगितला नाही. तो सगळ्यांत आधी डोळ्यांत भरतो आणि सगळ्यांत जास्त फसवतो.

५. पुस्तकात सहा पाकळ्या म्हणतात, मला सपात धरून चारच दिसतात. दोन गळून पडल्या का?

गळल्या नाहीत, जुळल्या आहेत. ऑर्किडच्या फुलात बाहेरची तीन निदलं आणि आतल्या तीन पाकळ्या असतात. सपात ही एक पाकळी. बाजूला पसरलेल्या दोन पाकळ्या. वर छत्रीसारखं उभं एक निदल. राहिलेली दोन निदलं एकमेकांना चिकटून एकच झालेली असतात आणि सपातेच्या मागे, खालच्या अंगाला लपतात. फूल बाजूने बघितलं की ते दिसतं. बऱ्याचदा त्याच्या टोकाला छोटी खाच असते, दोन जुळल्याचा तेवढाच पुरावा. म्हणजे समोरून बघणाऱ्याला सपात, दोन पाकळ्या आणि वरचं निदल अशी चारच मोजता येतात. याला अपवाद आहे, तो प्रश्न १५ मध्ये.

६. मधली ढाल म्हणजे काय? ती इतकी महत्त्वाची का?

तो वांझ पुंकेसर. सपातेच्या तोंडाच्या वर, फुलाच्या बरोबर मध्यावर एक चकती किंवा ढाल दिसते. पिवळी, पांढरी, कधी लाल ठिपक्यांची, कधी मधे खाचेची. त्याच्यातून परागकण येत नाहीत, पण प्रत्येक जातीत त्याचा आकार आणि ठिपके ठरलेले असतात. सपातेचा रंग रोपागणिक बदलतो, ढाल फारशी बदलत नाही. पॅफिओपेडिलमच्या जाती वेगळ्या करताना जाणकार आधी तिच्याकडेच बघतात.

तिचं काम कळलं की ती विसरत नाही. एकदा गुडघे टेकून एका फुलापाशी वीसेक मिनिटं बसा. मधमाशी ढालीवर किंवा सपातेच्या काठावर उतरते आणि आत घसरते. काठ आत वळलेला, भिंती गुळगुळीत. आल्या वाटेने परत जाता येत नाही. आत मध नाही. फूल नुसतं फसवतं. मागच्या भिंतीवर मात्र केसांची शिडीसारखी रांग असते, आणि कित्येक जातींत तिथली भिंत पातळ असल्यामुळे उजेड झिरपतो. माशी उजेडाकडे चढते. वाटेत आधी स्त्रीकेसराच्या टोकाखालून अंग घासून जावं लागतं, आणि मग ढालीच्या डाव्या किंवा उजव्या फटीतून बाहेर. दोन्ही फटींच्या तोंडाशी एकेक पुंकेसर आहेच. जाताना पाठीवर चिकट परागांचा लेप घेऊन ती जाते. पुढच्या फुलात पुन्हा फसली, तर तो लेप तिथे पुसला जातो. शहाणी झाली आणि फसली नाही, तर फळ धरत नाही. बहुतेक माश्या शहाण्या होतात, म्हणून या रोपांना फळं कमी.

७. नर्सरीत मिळणारं स्लिपर ऑर्किड आणि हिमालयातलं एकच का?

नाही. आपल्याकडे कुंडीत मिळतं ते जवळपास नेहमी पॅफिओपेडिलम किंवा त्याचा संकर. हिमालयात उंचावर दिसतं ते सिप्रिपेडियम. फरक पानांवरून दहा पावलांवरूनही कळतो. पॅफिओपेडिलमची पानं जाड, चामड्यासारखी, मधल्या शिरेवर एकच घडी घातलेली, बारमाही, आणि जमिनीलगत दोन्हीकडे पसरलेली. फुलाचा दांडा त्यांच्यामधून नागडा वर येतो. सिप्रिपेडियमची पानं पातळ, निऱ्यांची, बहुतेक जातींत दांड्यावर, आणि हिवाळ्यात सगळंच रोप जमिनीखाली गडप. पॅफिओपेडिलमचं फूल म्हातारं झालं की अख्खं गळून पडतं, सिप्रिपेडियमचं फळाच्या टोकाला सुकून लटकत राहतं.

८. व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला जाऊन आलो, एकही दिसलं नाही. का?

तुम्ही ऑगस्टात गेलात. महाराष्ट्रातल्या बहुतेक ट्रेक बॅच जुलैअखेर ते ऑगस्ट या काळात असतात, कारण तेव्हा सगळी दरी फुललेली असते. सपात-आमऱ्या त्याआधी उरकतात. त्यांचे दिवस म्हणजे जून आणि जुलैचा पहिला भाग. दरी १ जूनला उघडते. तेव्हा वाटेवर हिमनदीचे तुकडे असतात, गर्दी नसते आणि 'फुलं नाहीत' अशी कुरकूर ऐकू येते. ऑर्किडवाल्यांनी तेव्हाच जावं. ऑगस्टात गेलात तर फळं शोधा (प्रश्न १३).

९. हिमालयातल्या जाती एकमेकींपासून वेगळ्या कशा काढायच्या?

उत्तराखंडात फिरणाऱ्याला तीन नावं पुरतात.

सिप्रिपेडियम कॉर्डिगेरम सगळ्यांत सोपी. सपात पांढरी, बाजूच्या पाकळ्या आणि निदलं हिरवट-पिवळट, ढाल पिवळी. रोप वीत-दीड वीत ते हातभर उंच, पानं रुंद आणि ठळक शिरांची. ही तुलनेने कमी उंचीवरही, जंगलाच्या कडेला आणि झुडपांत भेटते.

सिप्रिपेडियम हिमालेकम झाडांची रेषा संपते तिथल्या कुरणांत. सपात तांबूस-जांभळट, पाकळ्यांवर गडद रेघा. गवतात अशी मिसळून जाते की एक दिसली की शेजारच्या पाच दिसायला लागतात, तोवर तिथे काहीच नसतं.

तिसरी सिप्रिपेडियम एलेगन्स. ही बघायला पोटावर झोपावं लागतं. रोप वीतभरही नाही, पानं दोनच आणि जवळजवळ समोरासमोर, मधे एक लहान रेघारेघांचं फूल. पानं दोन की जास्त, एवढ्यावर ती हिमालेकमपासून वेगळी होते.

सिक्कीम-भूतानकडे गेलात तर चौथी, सिप्रिपेडियम टिबेटिकम: रोप बुटकं, फूल अंगापेक्षा मोठं, गर्द काळपट-लाल आणि फुगलेलं. उत्तराखंडातला फोटो पाठवून कुणी 'टिबेटिकम' म्हटलं, तर मी आधी पानं मोजायला सांगतो.

१०. मेघालय, अरुणाचल, मणिपूरकडची कोणती?

तिथे राज्य पॅफिओपेडिलमचं. इन्सिग्ने खासी टेकड्यांतली: पानं साधी हिरवी, वरच्या निदलावर तपकिरी ठिपके आणि पांढरी किनार, फूल पावसाळ्यानंतर. व्हेनस्टमची पानंच संगमरवरी नक्षीची, खालून जांभळट. फूल नसलं तरी नजरेत भरते, आणि सपातेवर हिरव्या शिरांचं जाळं. स्पायसेरिएनमचं वरचं निदल पांढरं शुभ्र, मधे एकच जांभळी रेघ. हिर्सुटिसिमम सगळी केसाळ, पाकळ्या कडेला झालरीच्या आणि टोकाला गुलाबी-जांभळ्या. फेअरिएनमच्या पाकळ्या म्हशीच्या शिंगांसारख्या खाली जाऊन पुन्हा वर वळतात. ही एकदा युरोपात गेली आणि मग रानातली तिची जागाच हरवली, १९०५ मध्ये पुन्हा सापडेपर्यंत.

११. अमेरिकेत घरामागच्या जंगलात गुलाबी फूल आलंय. कोणतं?

न्यू इंग्लंडमध्ये, पाइन किंवा ओकखाली, कोरड्या जमिनीत, मे अखेर ते जून: तर सिप्रिपेडियम अकॉले. खात्रीची खूण म्हणजे जमिनीलगत दोनच पानं, दांड्यावर एकही नाही, टोकाला एकच फूल. आणि सपातेला वर गोल तोंड नाही, पुढून उभी चीर आहे, दोन्ही कडा आत वळलेल्या. भोवतालच्या जातींत असं दुसरं कुणाचंच नाही. भुंग्यासारखी दांडगी माशीच ती चीर रेटून आत शिरू शकते. न्यू हॅम्पशायरने १९९१ मध्ये हिला राज्याचं रानफूल ठरवलं.

मिनेसोटा-विस्कॉन्सिनच्या दलदलीत, जूनच्या मध्यापासून, कमरेएवढं उंच रोप, दांडाभर पानं, पाकळ्या आणि निदलं पांढरी शुभ्र आणि सपात तेवढी गुलाबी: ही सिप्रिपेडियम रेजिनी. तिच्या पाकळ्या सपाट असतात, पिळलेल्या नसतात. हिच्या पानांवर आणि दांड्यावर दाट लव असते आणि ती लागली तर काही जणांच्या अंगावर पॉयझन आयव्हीसारखं पुरळ उठतं. पिवळ्या जातींनीही असं होऊ शकतं. म्हणून हात खिशात ठेवा.

ओळखण्यात चूक झाली म्हणून ओशाळू नका. मिनेसोटाच्या विधिमंडळाने १८९३ मध्ये राज्यफूल म्हणून चक्क युरोपातल्या सिप्रिपेडियम कॅल्सिओलसचं नाव मंजूर केलं होतं. ते त्या राज्यात उगवतच नाही. १९०२ मध्ये दुरुस्ती होऊन रेजिनीला मान मिळाला.

१२. पिवळं छोटं की पिवळं मोठं? सपात मोजली तरी ठरत नाही.

मोजून ठरणारही नाही, मापं एकमेकांत मिसळतात. अमेरिकेतली पिवळी बहुतेक सगळी एकाच जातीची, सिप्रिपेडियम पार्विफ्लोरमची, आणि 'छोटं', 'मोठं' हे तिचे प्रकार. बाजूच्या पाकळ्या पिळलेल्या असतातच. त्या गर्द तांबूस-तपकिरी, सपात लहान आणि वास गोड, दाट असेल तर मकासिन. पाकळ्या हिरवट-पिवळ्या, तपकिरी रेघांच्या, सपात मोठी असेल तर प्युबेसेन्स.

अडलं तर रोप कोवळं असताना दांड्याच्या तळाशी बघा. पहिल्या खऱ्या पानाच्याही खाली दांड्याला गुंडाळलेलं एक आवरण असतं. त्यावर चंदेरी लव दाट असेल तर प्युबेसेन्स, जवळजवळ गुळगुळीत असेल तर मकासिन. दक्षिणेकडच्या राज्यांत तिसरा प्रकार आहे, त्याचं फूल छोट्यासारखं आणि आवरण मोठ्यासारखं, त्यामुळे तिकडून फोटो आला की मी 'पिवळं' एवढंच लिहून मोकळा होतो.

जुन्या पुस्तकांत हेच फूल 'कॅल्सिओलस' म्हणून सापडेल. नाव बदललंय, फूल तेच.

१३. फूल नाही, नुसती पानं आहेत. किंवा नुसतं फळ आहे. ओळखता येईल?

गट ओळखता येईल, जात क्वचित. अकॉलेच्या दोन पानांची गल्लत क्लिंटोनिया या दुसऱ्या रानरोपाशी होते, दोघीही एकाच जंगलात असतात. क्लिंटोनियाचं पान तुकतुकीत आणि सपाट, अकॉलेचं निऱ्यांचं आणि लवदार. उंच, दांडाभर पानांच्या जातींची गल्लत व्हेराट्रमशी होते. तिलाही निऱ्या असतात, पण पानं कितीतरी जास्त आणि चारी बाजूंनी फिरत वर चढणारी. हे रोप विषारी आहे. हिमालयात एपिपॅक्टिस हे दुसरं ऑर्किड घोटाळा करतं. त्याचा दांडा वरवर बारक्या फुलांच्या किंवा कळ्यांच्या रांगेत संपतो, सपात-आमरीचा एखाददुसऱ्या फुलात.

फळ म्हणजे उभी, कंगोऱ्यांची शेंगेसारखी कुपी. ती सुकली की उभ्या चिरांनी फाटते, पण दोन्ही टोकं जोडलेलीच राहतात, आकाशकंदिलाच्या सांगाड्यासारखी. आतून धुळीसारख्या बिया उडतात. बर्फातही ती काडी उभी राहते, म्हणून हिवाळ्यात जागा हेरून ठेवता येते.

१४. पांढरं आहे. म्हणजे वेगळी जात?

आधी पानं आणि तोंड बघा. न्यू हॅम्पशायरकडे अकॉलेची पांढरी फुलं बऱ्यापैकी भेटतात. चीर आणि जमिनीलगतची दोन पानं असतील तर ते अकॉलेच. रेजिनीतही सगळं फूल पांढरं असलेलं रोप निघतं. खरंच वेगळी पांढरी जात म्हणजे सिप्रिपेडियम कँडिडम: ओलसर गवताळ माळावर, बुटकी, दांड्यावर पानं, सपात लहान, मेणासारखी, वर गोल तोंडाची आणि पाकळ्या हिरवट, पिळलेल्या.

आता गंमत. कँडिडम आणि पिवळी शेजारी वाढल्या की त्यांचा संकर होतो. सपात साईच्या रंगाची आणि पाकळ्या तपकिरी असं फूल दिसलं, आणि आजूबाजूला दोन्ही आईबाप उभे असतील, तर संकर म्हणा. संकर पुन्हा आईबापांशी मिसळतो, मग अशा माळावर काही रोपांना नाव देणं सोडून द्यावं लागतं.

१५. सगळ्या खुणा जुळतात, पण खालची निदलं दोन सुटी आहेत. मग ती सपात-आमरी नाही का?

आहे, आणि तुम्हाला दुर्मीळ गोष्ट दिसली. सिप्रिपेडियम अरायटिनम, ईशान्य अमेरिका आणि कॅनडातली. हिची खालची दोन निदलं जुळतच नाहीत. सपात लहान, खाली टोकदार, लाल-पांढऱ्या जाळीची, बाकीच्या पाकळ्या अरुंद. समोरून मान खाली घातलेल्या मेंढ्याचं तोंड दिसतं, इंग्रजी नावही तेच आहे. चीनमध्ये हिची एक जवळची बहीण आहे, प्लेक्ट्रोकायलम, तिचीही निदलं सुटी.

उलटा अपवाद कॅलिप्सोचा. इंग्रजीत तिला परीची सपात म्हणतात, ओठही सपातेसारखा, पण ती या गटातली नाही. पान एकच, फूल अंगठ्याच्या पेराएवढं, सपातेच्या टोकाला दोन बारीक शिंगं आणि पुंकेसर एकच.

१६. गेल्या वर्षी होतं, यंदा नाही. कुणी उपटलं?

खड्डा दिसत नसेल तर बहुधा नाही. काही वर्षी रोप फुलत नाही, कधी वरही येत नाही. जमिनीखालचं खोड जिवंत असतं. यांचं सगळंच निवांत: रेजिनीला बीपासून पहिल्या फुलापर्यंत सोळा वर्षंही लागू शकतात.

१७. एक रोप आणून कुंडीत लावलं तर?

मरेल. बीमध्ये साठवलेलं अन्न नसतं, त्यामुळे रोप सुरुवातीपासून जमिनीतल्या विशिष्ट बुरशीच्या आधारावर वाढतं. ती बुरशी कुंडीत येत नाही. शिवाय पॅफिओपेडिलम भारताच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत आहे, राष्ट्रीय उद्यानातून तर कुठलंच रोप उचलता येत नाही, आणि देशाबाहेर नेण्या-आणण्यावर आंतरराष्ट्रीय करारही आहे. हौस असेल तर प्रयोगशाळेत वाढवलेलं रोप पावतीसकट घ्या.

१८. ओळख पटवायला कोणते फोटो पाठवू? ॲपने दिलेलं नाव चालेल?

चार पाठवा: समोरून फूल, ढाल स्पष्ट दिसेल असं. बाजूने फूल, मागचं जुळलेलं निदल दिसेल असं. पानांसकट अख्खं रोप. आणि भोवतालची जमीन. सोबत तारीख आणि उंची. ॲपला तुम्ही नुसती सपात दाखवलीत, तर तेही रंगावरूनच अंदाज बांधतं, आणि रंगाचं काय ते प्रश्न ४ मध्ये लिहिलंय.

१९. तुम्ही पाहिलेली जागा सांगाल का? फक्त मला.

नाही. पन्नास जणांनी 'फक्त मला' म्हणून विचारलंय. इंग्लंडात कॅल्सिओलस १९१७ मध्ये नामशेष झाली असं मानलं गेलं होतं. १९३० मध्ये यॉर्कशायरमध्ये एक रोप सापडलं आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांनी कित्येक दशकं तोंड उघडलं नाही. म्हणून ते टिकलं, आणि पुढे क्यू उद्यानाच्या प्रयोगशाळेत त्यापासून रोपं करता आली. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकलीत तर संकटातल्या जातींची जागा ते आपोआप धूसर करतं. व्हॉट्सॲपवर मात्र 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवलेल्या फोटोत जागेचे आकडे तसेच जाऊ शकतात. मला पाठवण्याआधी तेही काढून टाका.